खांब कोणी रोवावे?

‘घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. बहुधा ती खर्चाच्या संदर्भात वापरली जाते. पण तिच्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे. बांधकाम काढले म्हणजे माणसाला केवळ विटा, वाळू आणि मजुरीचे दर कळतात असे नाही. त्याला स्वतःचीही ओळख होते. आपल्याला काय येते, काय येत नाही, आपण कोणाचे ऐकतो, कोणाला राबवून घेतो आणि घाई झाली म्हणजे कोठे डोळेझाक करतो, हे सारे बांधताना उघड होते. म्हणून एखादी इमारत स्वतःच्या हातांनी उभारावी की जाणत्या माणसाकडून उभारून घ्यावी, हा प्रश्न आम्हांला निव्वळ पैशाचा वाटत नाही. तो विवेकभावाचा प्रश्न आहे.

अशा प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एक उदाहरण समोर ठेवलेले बरे. आमचे उदाहरण अमेरिकेतले आहे. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबांची मुले आज त्या देशात स्थायिक झाली आहेत. त्यांपैकी जे शहराबाहेर, मोकळ्या जागेत राहतात, त्यांच्या मनात शेजाऱ्यांचे पाहून एक विचार हमखास येतो. मागच्या आवारात एक ‘पोल बार्न’ उभारावा, त्यात सुतारकामाचे किंवा गाड्या दुरुस्तीचे वर्कशॉप थाटावे, आणि तो आपणच बांधावा! या विचाराला कोणते उत्तर द्यावे?

प्रथम पोल बार्न म्हणजे काय ते पाहू. पोल म्हणजे खांब आणि बार्न म्हणजे शेतावरचे कोठार किंवा गोठा. नेहमीच्या घराला सभोवार पाया खणून त्यावर भिंती चढवतात. येथे तसा सलग पाया नसतो. जाड लाकडी खांब थेट जमिनीत खोल रोवायचे, त्यांना बाहेरून आडव्या फळ्या मारायच्या, वर लाकडी कैच्या चढवायच्या आणि छताला व भिंतींना पन्हळी पत्रे ठोकायचे. छताचा भार खांबांवर येतो. भिंत म्हणजे नुसता आडोसा. ही पद्धत १९३० च्या दशकात, मोठ्या मंदीच्या काळात अमेरिकेतील शेतांवर रूढ होऊ लागली. शेतकऱ्याजवळ पैसा नव्हता, पण जनावरांना व चाऱ्याला छप्पर तर हवे होते. तेव्हा तारा वाहून नेणाऱ्या खांबांसारखे खांब जमिनीत उभे करून त्याने आपली गरज भागवली. आपल्याकडे मेढी रोवून गोठा किंवा मांडव उभा करणाऱ्या शेतकऱ्याला ही कल्पना मुळीच परकी वाटणार नाही.

गरिबाच्या गरजेतून जन्मलेली ही इमारत सामान्य माणसाला जणू हाका मारते. ‘यात काय अवघड आहे? खड्डा खण, खांब लाव, पत्रा ठोक!’ आणि त्या हाकेला ‘ओ’ देण्यास सबळ कारणेही आहेत. मजुरीचे पैसे वाचतात. आपल्याला हवे तेथे दार आणि खिडकी ठेवता येते. पुढे काही बिघडले तर ते कोठे व कसे बिघडले हे आपल्याला ठाऊक असते. सर्वांत मोठे कारण हे की, स्वतःच्या हातांनी काही उभे करण्यात एक निर्मळ आनंद आहे. ‘आपला हात जगन्नाथ’ असे आपण म्हणतो ते काही उगीच नव्हे.

या आनंदाला आम्ही कमी लेखणार नाही. उलट, आपल्या समाजात त्याची फार गरज आहे. आपल्या देशात शतकानुशतके हातांनी काम करणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवले गेले आणि लेखणी धरणाऱ्याला वरच्या. ख्रिस्ती मंडळीने हा भेद मोडावयास हवा होता. पण शिकून कचेरीत गेलेल्या आपल्यापैकी किती घरांत आज मुलाला करवत धरता येते? नळाचा वायसर बदलण्यासाठीही आपण माणूस शोधत फिरतो आणि तो आला की त्याच्याशी तुसडेपणाने बोलतो. प्रेषित पौल मोठा विद्वान होता, तरी करिंथ येथे तो राहुट्या करण्याच्या धंद्यावर पोट भरत होता, हे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. ज्याच्या तळहाताला घट्टे पडले आहेत त्याला दुसऱ्याच्या श्रमाची किंमत सांगावी लागत नाही. तेव्हा जो म्हणतो, ‘मी स्वतः बांधीन,’ त्याला पहिल्याच शब्दात ‘नको’ म्हणणे आम्हांला बरे वाटत नाही.

परंतु प्रभू येशूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा जो दाखला दिला तो येथे आठवतो. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील त्या दाखल्यात बांधणाऱ्याने प्रथम काय करावे? त्याने बसावे आणि हिशेब करावा. ‘बसावे’ हा शब्द आम्हांला महत्त्वाचा वाटतो. उत्साहाने उभा असलेला माणूस हिशेब करीत नसतो. चला, आपणही थोडे बसू या.

समजा वर्कशॉप ३० फूट रुंद आणि ४० फूट लांब आहे. तेथे हा आकार काही अवाढव्य समजला जात नाही. खांब आठ-आठ फुटांवर धरले तर लांबीच्या दोन्ही बाजूंना मिळून १२ खांब होतात. रुंदीकडचे मधले चार धरून १६ खांब. दीड फूट व्यासाचा आणि चार फूट खोल असा एक खड्डा घेतला तर त्यातून सुमारे ७ घनफूट माती निघते, आणि १६ खड्ड्यांतून सुमारे ११३ घनफूट. आता जमीन करावयाची. चार इंच जाडीचे काँक्रीट धरले तर ४०० घनफूट लागेल आणि त्याचे वजन सुमारे २७ टन भरेल. हे काँक्रीट एकट्या माणसाची वाट पाहत थांबत नाही. गाडी आली की ते ओतून, पसरून, पाणसळीत आणून गुळगुळीत करावे लागते. मध्येच दमून बसले तर ते तसेच दगड होते.

आता वेळेचा हिशेब. नोकरी सांभाळून शनिवारी आठ तास काम करणाऱ्या माणसाला या साऱ्यासाठी ४०० तास लागले असे धरू. म्हणजे ५० शनिवार झाले, जवळजवळ एक वर्ष! ‘मी मजुरीचे इतके डॉलर वाचवले’ असे तो अभिमानाने सांगतो, तेव्हा हे ५० शनिवार कोणत्या वहीत लिहिलेले असतात? ते त्याच्या पत्नीच्या वहीत असतात, कारण त्या दिवशी घर तिने एकटीने ओढलेले असते. ते मुलांच्या वहीत असतात. भारतात फोनची वाट पाहत बसलेल्या म्हाताऱ्या आईच्या वहीतही असतात. आम्ही असे म्हणत नाही की हा खर्च करूच नये. मुलगा बापाशेजारी उभा राहून गुण्या धरावयास शिकला, तर तेच ५० शनिवार घराची ठेव होतील. पण खर्च हा खर्च म्हणून मांडावा आणि ज्यांच्या खात्यातून तो जावयाचा आहे त्यांना आधी विचारावे. दुसऱ्याच्या खिशातून केलेली बचत ही बचत नव्हे.

येथवर प्रश्न पैशाचा आणि वेळेचा झाला. याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. पोल बार्नमध्ये जे डोळ्यांना दिसते त्यावर ती इमारत उभी नसते. जे जमिनीखाली पुरलेले असते त्यावर ती उभी असते. पत्रा वाकडा बसला तर वाईट दिसेल, एवढेच. पण खांबाच्या बुडाशी चूक राहिली तर ती माती लोटताच नजरेआड होते. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात जमीन गोठते. मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात पायासाठी पाच फूट खोली सांगितली जाते. खड्डा त्याहून उथळ राहिला तर मातीतील पाणी गोठून बर्फाचे थर वाढतात आणि ते खांबाला हळूहळू वर उचलतात. लाकूड कुजते तेही बहुधा जमिनीच्या पातळीशी, कारण ओल आणि हवा ही दोन्ही तेथे एकत्र भेटतात. म्हणून जमिनीत पुरण्याच्या लाकडावर खास रासायनिक प्रक्रिया केलेली असावी लागते, आणि घराच्या कुंपणाला चालणारे लाकूड छताचा भार पेलणाऱ्या खांबाला चालेलच असे नाही. अशा लाकडाचे उरलेले तुकडे शेकोटीत घालू नयेत, हेही ठाऊक असावे लागते. त्यातील विषारी द्रव्ये धुरात आणि राखेत उतरतात.

वरच्या बाजूचे पाहू. दर चौरस फुटाला ३० पौंड बर्फ साचला असे धरले, तर या इमारतीच्या १,२०० चौरस फुटांवर ३६,००० पौंड, म्हणजे १६ टनांहून अधिक वजन येईल. लांबीकडच्या मधल्या प्रत्येक खांबाच्या वाट्याला दीड टनाहून अधिक. हा भार खांबाच्या बुडाखाली पसरून जमिनीत गेला नाही तर खांब खचेल. आणि सर्वांत धोक्याची घडी असते ती कैच्या चढवण्याची. कैच्या एकमेकींना व खांबांना पक्क्या बांधल्या जात नाहीत तोवर त्या नुसत्या उभ्या असतात. वाऱ्याचा एक झोत आला किंवा एक तात्पुरता टेकू राहून गेला, तर पहिली दुसरीवर आणि दुसरी तिसरीवर अशी सारी रांग कोसळते. खाली माणसे उभी असतात.

येथे आम्ही वाचकांना अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील एका लहानशा नियमाकडे नेऊ इच्छितो. नवे घर बांधणाऱ्याने आपल्या धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी तेथून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा तो नियम आहे. त्या काळी लोक धाब्यावर बसत, झोपत. घर माझे, पैसा माझा, श्रम माझे. तरीही कठडा करावयाचा तो दुसऱ्यासाठी, उद्या पाहुणा म्हणून वर येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. सबंध प्रश्नाची किल्ली आम्हांला येथे सापडते. ‘मला हे बांधता येईल काय?’ हा पहिला प्रश्न नव्हेच. ‘माझे चुकले तर ते कोणाच्या अंगावर पडेल?’ हा पहिला प्रश्न आहे.

फळीचे माप चुकले तर तोटा माझा. मी ती पुन्हा कापीन. कपाटाचे दार कुरकुरले तर ते मीच रोज ऐकीन. असल्या चुका करीत करीतच माणूस कारागीर होतो, आणि त्या करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पण खांबाची खोली, कैचीचा टेकू आणि विजेची जोडणी यांतील चूक माझ्यापाशी थांबत नाही. ती त्या छताखाली खेळावयास आलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला गाठते. वीस वर्षांनी ती जागा विकत घेणाऱ्या, मला कधीही न भेटलेल्या कुटुंबाला गाठते. जी चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, ती करून शिकण्याचा अधिकार कोणालाच नाही.

म्हणून सरकारी परवानगीकडेही वेगळ्या नजरेने पाहावयास हवे. अमेरिकेतील अनेक राज्यांत शेतीच्या इमारतींना बांधकामाच्या परवान्यातून सूट आहे. वर्कशॉप ही मात्र शेतीची इमारत असतेच असे नाही. मग मोह होतो. अर्जावर ‘शेतीचे कोठार’ असे दोन शब्द लिहिले की नकाशा नको, तपासणी नको, फी नको! आत गाईऐवजी करवतीचे यंत्र उभे आहे हे कोण पाहतो? ख्रिस्ती मनुष्याला हा मोह लहान वाटू नये. तपासनीस आपल्याला त्रास देण्यासाठी येतो असे आपण समजतो. वास्तविक जे लोक उद्या त्या छताखाली येणार आहेत त्यांचे डोळे घेऊन तो आज येतो. ओळंबा जसा कोणाची भीड धरीत नाही, तशीच तपासणीही भीड न धरणारी असावी. ती चुकवणारा केवळ सरकारला फसवीत नाही. तो कठड्याविना धाबे बांधतो.

‘स्वतः बांधले’ या शब्दांतही थोडे पारखून घेण्यासारखे आहे. हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाने १८४५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉल्डन तळ्याकाठी आपली झोपडी स्वतः उभारली, हे पुष्कळांना माहीत आहे. त्याने खर्चाचा पै-पैचा हिशेब प्रसिद्ध केला. तो २८ डॉलर साडेबारा सेंट इतका झाला. पण त्याच पुस्तकात तो प्रामाणिकपणे सांगतो की कुऱ्हाड उसनी आणली होती, फळ्यांसाठी एका आयरिश रेल्वे मजुराची खोपटी विकत घेतली होती आणि सांगाडा उभा करण्याच्या दिवशी ओळखीची माणसे हात लावावयास आली होती. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती. स्वावलंबनाचे एवढे प्रसिद्ध उदाहरण; त्यातही किती हात आहेत पाहा! अगदी एकट्याने उभारलेले असे जगात फार थोडे असते.

पेनसिल्व्हेनिया व ओहायो राज्यांतील आमिश ख्रिस्ती लोक तर हे लपवीतच नाहीत. त्यांच्यात एखाद्याचे कोठार जळाले की सारी वस्ती जमते. पुरुष सांगाडा चढवतात, स्त्रिया शेकडो पाने वाढतात. पण तेथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, कोणता खांब केव्हा उचलावयाचा हे ठरवणारा अनुभवी सुतार पुढे असतो. दुसरी, आज जो मदत घेतो तो उद्या दुसऱ्याच्या कोठारावर चढतो. ती फेड आहे, फुकट नाही. आपल्या गावगाड्यातही शेतकरी आपले औत आणि घराचे आढे एकट्याने घडवीत नसे. सुतार आणि लोहार ते घडवीत आणि सुगीला त्यांचे बलुते खळ्यावरून जाई. त्या व्यवस्थेत जातीचा मोठा अन्याय होता, तो आपण विसरू नये. परंतु ज्याचे कसब वापरले त्याचे देणे लागतो, एवढी जाणीव तीत होती.

ही जाणीव नसली की ‘स्वतः बांधणे’ हळूच ‘दुसऱ्याला राबवणे’ होऊन बसते. मजुरी वाचवण्यासाठी आपण तरुण संघाची चार मुले बोलावतो, चहा आणि बिर्याणी देतो आणि त्यांना पत्र्यावर चढवतो. त्यांना संकोचाने ‘नाही’ म्हणता येत नाही. ही मदत की वेठ? ज्याची मदत घ्यावयाची त्याला धोका समजला आहे काय, नकार देण्याची मोकळीक आहे काय, आणि त्याच्या गरजेला आपण जाणार आहोत काय, हे विचारल्याशिवाय कोणाला शिडीवर चढवू नये. आणि माणूस मजुरीने लावला तरी जबाबदारी संपली असे नाही. घासाघीस करून त्याची मजुरी उतरवावयाची, मग तो खड्डा फूटभर उथळ खणतो तेव्हा त्याला लबाड म्हणावयाचे, यात लबाडी दोघांचीही आहे. मजुराचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे ही मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा बेळगाव, इंदूर किंवा बडोदे येथे अंगणात पत्र्याची शेड घालणाऱ्या आपल्या वाचकांनाही तितकीच लागू आहे.

मग शेवटी काय ठरवावे? आम्हांला सरसकट नियम सांगता येणार नाही, पण वाट सांगता येते. खांब रोवणे, कैच्या चढवणे आणि वीज घालणे ही कामे ज्याने पुष्कळदा केली आहेत अशा माणसाकडे द्यावी. शक्य असेल तर त्याच्या हाताखाली आपण राबावे. धनी असून हरकाम्या होण्यात कमीपणा नाही, आणि शिकण्याचा याहून चांगला मार्ग नाही. छप्पर उभे राहून तपासणी झाली की आतले सारे काम आपले. भिंतीला आतून फळ्या मारणे, कामाचे टेबल करणे, हत्यारांच्या मांडण्या लावणे, यांत हौसेला पुष्कळ वाव आहे. ज्याला खांबच रोवावयाचा आहे त्याने प्रथम सरपणासाठी आठ फुटांची लहान खोपटी बांधावी आणि तिच्यावरून दोन हिवाळे जाऊ द्यावे. ती सरळ उभी राहिली तर पुढचा विचार करावा. आणि ज्याच्यापाशी कसब आहे, नकाशा मंजूर आहे, सोबतीला जाणती माणसे आहेत आणि घरच्यांची मनापासून संमती आहे, त्याने खुशाल स्वतः बांधावे. आमचा त्याला आशीर्वादच आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी नहेम्याचा तिसरा अध्याय शिकवताना हा विषय जरूर घ्यावा. यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांच्या त्या लांबलचक यादीत याजक आहेत, सोनार आहेत, गंधी आहेत आणि शल्लूमाच्या मुलीही आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचा तो धंदा नव्हता. तरी कोट उभा राहिला, कारण कोणी एकटा बांधीत नव्हता, आणि कित्येकांना आपापल्या घरासमोरचाच भाग नेमून दिला होता. आपल्या घरासमोरचा कोट कच्चा ठेवावा असे कोणाला वाटेल? मुलांना विचारावे की दुसऱ्याच्या घरासमोरचा भाग बांधावयाचा असता तर तो तितकाच पक्का झाला असता काय? या प्रश्नाचे उत्तर वर्गात देणे सोपे आहे. खरे उत्तर द्यावयाचे ते खड्ड्यात माती लोटण्यापूर्वी, जेव्हा खांबाचे बूड अजून दिसत असते आणि पाहणारे आपण एकटेच असतो.